कंपनी सरकारच्या मुंबईत मिशनरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मी फोर्ट ते गिरगाव अशी जुन्या मुंबईची पायी फेरी घेते. फेरी अकराला संपते आणि दुपारच्या जेवणापर्यंत व्हॉट्सॲपवर प्रश्न यायला लागतात. माणसं दर वेळी नवी, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून ठेवले. उत्तरं सुटी वाचता यावीत अशी आहेत. जिथं दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबईत ख्रिस्ती धर्मप्रचाराला बंदी होती हे खरं का? इंग्रज तर स्वतःच ख्रिस्ती होते!

खरं आहे, १८१३ सालापर्यंत. मात्र ‘धर्मप्रचार करू नये’ अशा शब्दांत कायदा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. बंदी परवान्यातून होती. युरोपातल्या माणसाला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात उतरायचं तर लंडनच्या संचालकांचा परवाना लागे, आणि मिशनरी म्हणून अर्ज केला की तो मिळत नसे. विनापरवाना कोणी सापडला की त्याला जहाजावर चढवून परत धाडायचा अधिकार सरकारला होता. म्हणजे धर्मावर कोणी बोट ठेवत नव्हतं, कागद मागत होतं. फेरीतले लोक हे ऐकून हसतात. परदेशी नोकरीचे कागद ज्यांनी केलेत ते मात्र हसत नाहीत.

२. कंपनीला आपल्याच धर्माच्या माणसांची एवढी भीती का?

धंदा बुडेल म्हणून. कंपनी इथं कापूस, अफू आणि महसुलासाठी बसली होती. तिचं सैन्य इथल्याच शिपायांचं, तिचे सावकार इथलेच. त्यात जुलै १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी उठाव केला. नव्या धर्तीचं पागोटं, दाढीवर निर्बंध, कपाळावरच्या गंधाला मनाई, एवढं निमित्त पुरलं. ‘आता आपल्याला बाटवणार’ अशी आवई उठली. त्यानंतर लंडनमध्ये मिशनरींच्या बाजूनं आणि विरुद्ध पत्रकांचा पाऊस पडला. विरोधकांचा मुद्दा साधा होता : चार पाद्र्यांपायी हिंदुस्थान हातचा जाईल.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. याच काळात कंपनी जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंकडून कर गोळा करत होती. देवळाच्या कारभारात हात असलेल्या सरकारला देवळाविरुद्ध बोलणारा पाद्री अडचणीचाच वाटणार.

३. मग विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी बंगालमध्ये कसा काम करत होता?

पळवाटेनं. केरी १७९३ साली विनापरवाना आला आणि काही वर्षं निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून राहिला. म्हणजे कागदोपत्री निळीवाला. पुढं १८०० साली तो हुगळीकाठच्या श्रीरामपूरला गेला. ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, तिथं कंपनीचा हुकूम चालत नव्हता.

आपल्याला त्याचं देणं आहे ते मराठीपुरतं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवताना वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं मराठीचं व्याकरण आणि कोश तयार केला आणि १८०५ व १८१० साली ते श्रीरामपूरला छापले. कोशातली मराठी अक्षरं मोडीत आहेत. मराठी छपाईचं एक मूळ असं मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, डेन्मार्कच्या वसाहतीत सापडतं. मुंबईत अशी परक्या राजाची जागा हाताशी नव्हती, म्हणून इथली गोष्ट वेगळी झाली (प्रश्न ४).

४. हॉल आणि नॉट हे नेमके कोण? ते कसे टिकले?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानकडे पाठवलं, त्यांतले हे दोघे. ही मंडळी दोन जहाजांनी कलकत्त्याला पोचली. पोचल्या पोचल्या हुकूम : परत जा. पाचांची वाताहत झाली. जडसन ब्रह्मदेशात गेला. न्यूएल आणि त्याची बायको हॅरिएट मॉरिशसकडे निघाले. हॅरिएट तिथंच नोव्हेंबर १८१२ अखेर वारली, वय वर्षं १९. हॉल आणि नॉट मात्र मुंबईच्या जहाजात बसले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये इथं उतरले. हॉल तेव्हा २८ वर्षांचा होता.

कलकत्त्याचा हुकूम त्यांच्या मागोमाग आला : यांना इंग्लंडला पाठवा. मुंबईचे गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांनी तो लगेच अमलात आणला नाही. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज, असे महिने गेले. मधल्या काळात हे दोघे मराठी शिकत होते! वर्षाच्या शेवटाकडे आता खरंच पाठवणार असं दिसलं, तेव्हा ते गुपचूप एका देशी गलबतात बसून दक्षिणेला पळाले. पोचायचं होतं सिलोनला, कारण सिलोन कंपनीचं नव्हतं, थेट इंग्लंडच्या राजाचं होतं, आणि तिथं मिशनरींना थारा होता. कोचीनला पकडले गेले आणि कंपनीनं त्यांना मुंबईला परत आणलं.

पळून जाण्यानं नेपियन साहजिकच चिडले. तेव्हा दोघांनी त्यांना एक लांब विनंतीपत्र लिहिलं. त्याचा रोख असा की सरकारची आज्ञा मोडायची आमची इच्छा नाही, पण त्याहून वरची एक आज्ञा आमच्यावर आहे. रवानगी थांबली. पुढं लंडनहूनही राहू द्या असंच आलं; तिथल्या संचालकांत चार्ल्स ग्रँटसारखी मिशनच्या बाजूची माणसं होती.

नॉट तब्येतीपायी १८१५ साली परत गेला आणि १८६९ पर्यंत जगला. हॉल राहिला. नाशिककडच्या दौऱ्यावरून येताना एका खेड्यात २० मार्च १८२६ रोजी तो पटकीनं वारला. त्याची कबर मुंबईत शोधू नका.

५. नेपियन यांनी त्यांना का वाचवलं? लाच वगैरे?

लाच नाही हो. नेपियन धार्मिक वृत्तीचे होते, बायबल सोसायटीच्या कामाला त्यांचा पाठिंबा होता. शिवाय १८१३ च्या उन्हाळ्यात लंडनला नवा सनदी कायदा मंजूर झाला होता आणि त्यात मिशनरींसाठी दार किलकिलं होणार होतं (प्रश्न ७). माझं मत विचाराल तर नेपियन यांनी दिरंगाईचा फार शहाणा उपयोग केला. फाइल दाबून ठेवणं आपल्याकडे नेहमी वाईटच समजतात. इथं फाइल दाबली म्हणून दोन माणसं राहिली.

६. ते अमेरिकन हेर होते असं एका लेखात वाचलं. तथ्य?

संशय खरा, हेरगिरीचा पुरावा नाही. जून १८१२ मध्ये अमेरिकेनं इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. हे लोक निघाले तेव्हा युद्ध नव्हतं. पोचेपर्यंत शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. परवाना नाही आणि पासपोर्ट शत्रूचा, अशी दुहेरी पंचाईत.

७. १८१३ च्या कायद्यानं सगळं मोकळं झालं ना?

अर्धंच. त्या सनदी कायद्याचं एक कलम आपण शाळेत पाठ करतो : शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये. दुसरं कलम मिशनरींचं. त्यात त्यांना यायची परवानगी मिळाली, पण परवान्यावरच. फरक इतका की संचालकांनी नकार दिला तर त्यांच्या वरच्या बोर्ड ऑफ कंट्रोलकडे दाद मागता येऊ लागली. अंमल एप्रिल १८१४ पासून.

परवान्याची अट बहुतांशी गेली ती १८३३ च्या सनदी कायद्यानं. ‘बहुतांशी’ का, ते प्रश्न १४ मध्ये.

८. मुंबईत मोकळीक मिळाली म्हणजे पुण्यातही मिळाली?

नाही. १८१८ पर्यंत पुणे पेशव्यांचं. नंतर इंग्रजांचं झालं तरी एल्फिन्स्टन यांनी फार जपून पावलं टाकली. नुकतंच जिंकलेलं राज्य, ब्राह्मणांचं मत फिरलं तर महागात पडेल, हा त्यांचा हिशोब. स्कॉटिश मिशनच्या लोकांचा डोळा पुण्यावर होता, पण १८२३ मध्ये त्यांना जावं लागलं कोकणात, बाणकोट-हर्णै भागात. बाणकोटला कधी गेलात तर खाडीकडे बघत विचार करा : पुण्याला निघालेली माणसं इथं उतरली होती.

९. आम्ही वसईचे ईस्ट इंडियन. आमचे पूर्वज कितीतरी आधीपासून ख्रिस्ती. आमच्यावर ही बंदी कशी नव्हती?

कारण तुमची चर्चेस कंपनीच्या आधीची. मुंबई १६६१ च्या तहात पोर्तुगालनं इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ साली ती कंपनीकडे आली. तेव्हा इथं कॅथलिक वस्ती होतीच. कंपनीनं त्यांना राहू दिलं, पण त्यांच्यावर पाद्री कुणाचा हे मात्र तिनं ठरवलं. १७२० मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे पोर्तुगीज पाद्री काढले आणि रोमहून नेमलेले कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले. पुढं भांडण इतकं चिघळलं की १७९४ मध्ये मुंबईतली चर्चेस पोर्तुगालच्या आणि रोमच्या अशा दोन अधिकारांत वाटून दिली गेली. वसई स्वतः तेव्हा कंपनीकडे नव्हतीच. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली होती.

म्हणजे जुन्या ख्रिस्ती माणसाला मज्जाव नव्हता, नवीन ख्रिस्ती करायला होता.

१०. मग फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च?

ते १७१८ च्या नाताळला उघडलं. कंपनीचे पगारी पाद्री, म्हणजे चॅप्लेन, तिथं इंग्रजांसाठी उपासना चालवत. चर्चगेट हे नाव त्याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं. इथल्या लोकांना उपदेश करणं हे चॅप्लेनांच्या नोकरीत बसत नव्हतं.

११. हे मिशनरी दिवसभर करायचे तरी काय?

सकाळ-संध्याकाळ बाजारात, देवळाजवळ, तळ्याकाठी उभं राहून मराठीत बोलायचे. लोक ऐकायचे, वाद घालायचे, टिंगल करायचे आणि आपापल्या कामाला जायचे. त्यातून फार काही होत नाही हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. मग शाळा आणि छापखाना.

पहिली शाळा १८१५ साली. शिक्षक ब्राह्मण, पुढं बेने इस्रायलही (म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू). आईबाप मुलं पाठवायचे ती वाचन-लेखन-हिशोबासाठी, येशूसाठी नव्हे, आणि ते मिशनरींनाही ठाऊक होतं. बेने इस्रायल मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं.

छापखाना १८१६ च्या शेवटी आला, हॉरेशियो बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी आल्यावर. १८१७ मध्ये पहिली आठ पानी पुस्तिका निघाली. आता हे नीट समजून घ्या, कारण फेरीत मी इथं दहा मिनिटं घालवते. इंग्रजीचा खिळा (छपाईचं धातूचं अक्षर) एकेक अक्षराचा : ए, बी, सी. मराठीत ‘कि’ छापायचा तर वेलांटी आधी, तिची शेंडी ‘क’च्या डोक्यावर, ‘कू’ला ऊकार खाली, ‘र्के’ला मात्रा आणि रफार दोन्ही वर. प्रत्येक जोडीचा वेगळा खिळा पाडायचा तर शेकडो खिळे लागतात आणि जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, प्रत्येकाचा खण तोंडपाठ हवा. जुन्या छपाईतल्या पानावर भिंग धरलंत तर काही ठिकाणी मात्रा अक्षरापासून केसभर सरकलेली दिसते. एकदा फेरीतल्या एका आजोबांनी, ते स्वतः जुळारी होते, माझ्या हातातली झेरॉक्स बघून शिरोरेषेवर नख ठेवलं आणि म्हणाले, “इथं हात घाईत होता.” मी ते वाक्य तेव्हापासून वापरते.

याच अमेरिकन मिशन छापखान्यात पुढं टॉमस ग्रॅहम यांनी सुबक मराठी अक्षरं पाडली. आणि मुलगा म्हणून तिथं काम शिकलेले जावजी दादाजी यांनी निर्णयसागर काढला, ज्याच्या संस्कृत पोथ्या देशभर गेल्या. बायबल छापायला शिकलेल्या हातांतून पोथ्या.

१२. बायकांचा यात काही भाग होता की सगळे पाद्रीच?

होता, आणि परवान्याच्या भाषेत त्या ‘मिशनरीची बायको’ म्हणून येत, त्यामुळं दफ्तरात सहज दिसत नाहीत. मुंबईत अमेरिकन मिशननं मुलींची शाळा १८२४ मध्ये काढली. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आली, पुढं अहमदनगरला गेली. तिच्या तिथल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. आपली शाळा काढताना ते उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये नवऱ्यासोबत, म्हणजे जॉन विल्सन यांच्यासोबत, आल्या आणि मुलींच्या शाळा सुरू केल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपलं मूळ तिथंच सांगते.

१३. बंदी उठली, मग लोक धडाधड ख्रिस्ती झाले का?

नाही. पहिल्या वीसेक वर्षांतले बाप्तिस्मे बोटांवर मोजावेत इतके. आणि जे झाले त्यांच्या वाट्याला सरकारी बंदीपेक्षा कडक बंदी आली : घराची, जातीची, पाणवठ्याची.

तीन प्रसंग सांगते. १८३९ मध्ये विल्सन यांच्या संस्थेतले दोन पारशी तरुण, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज हायकोर्टाच्या आधीच्या सुप्रीम कोर्टात गेला. धनजीभाई आपल्या मर्जीनं ठरवण्याच्या वयाचा आहे असं धरून कोर्टानं त्याला जाऊ दिलं. विल्सन यांच्या शाळा मात्र ओस पडल्या.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहत होता, वय साधारण बारा. कोर्टानं त्याला बापाकडे दिलं. मग खरा पेच : पाद्र्याच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणाले, प्रायश्चित्त झालं, आणि सनातनी मंडळी बाळशास्त्रींवरच उलटली. मला या सगळ्या इतिहासात तो बारा वर्षांचा मुलगा सगळ्यात जास्त आठवतो. त्याला दोन्हीकडून ओढलं, त्याला काय हवं होतं हे मोठ्यांच्या कागदांत नाही.

तिसरा प्रसंग कायद्याचा. धर्म बदलल्यावर वारसा हक्क जात असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानं तो राखला. अनेक हिंदूंना तो कायदा परवान्याच्या सवलतीहून मोठा धोका वाटला.

१४. १८३३ नंतर अमेरिकनांना परवाना लागत होता की नाही?

हा खास वकील मंडळींचा प्रश्न. १८३३ च्या कायद्यानं मोकळीक दिली ती राजाच्या जन्मजात प्रजेला. शब्द काटेकोर धरले तर अमेरिकन त्यात बसत नाहीत. व्यवहारात कोणी त्यांना अडवलं नाही. अहमदनगरला त्यांचं मोठं केंद्र उभं राहिलं आणि १८४२ पासून तिथून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक निघू लागलं. कागदावर उपरे, गावात वर्षानुवर्षांचे रहिवासी.

१५. हिंदूंना उत्तर द्यायची मुभा होती का?

पूर्ण. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी विल्सनशी जाहीर वाद केला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ छापली. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनरींशी वाद घालत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. गणपत कृष्णाजींनी मिशनचा छापखाना बघून स्वतःचा उभारला आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. शाईत चरबी असेल या शंकेनं सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. (छपाईबद्दल अधिक प्रश्न ११ मध्ये.)

१६. माझा भाचा कॅनडात असतो, ओसीआय कार्ड आहे. सुट्टीत इथल्या चर्चच्या प्रचारकार्यात भाग घेईल तर चालेल?

चर्चला जाणं, प्रार्थनेला बसणं वेगळं आणि मिशनरी काम करणं वेगळं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी मिशनरी किंवा तबलीगी (इस्लामच्या प्रचाराच्या) कामासाठी विशेष परवानगी लागते. मार्च २०२१ च्या अधिसूचनेत तसं स्पष्ट आहे. ओसीआय नसलेल्या परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे, पर्यटक व्हिसावर ते काम करता येत नाही. राज्याराज्यांचे धर्मांतराचे कायदे आणखी निराळे. तेव्हा आधी वकिलाला विचारा, मग तिकीट काढा.

१७. आज असा एखादा शेजारी देश आहे का, जिथं बंदी आहे आणि तरी मिशन आहे?

नेपाळ. १७६९ मध्ये पृथ्वीनारायण शाहांच्या काळात कापुचिन या कॅथलिक पंथाचे पाद्री तिथून निघाले ते बिहारच्या बेतियाला येऊन राहिले. आजच्या संविधानात, २०१५ च्या, कलम २६ प्रमाणे आपला धर्म पाळायला मोकळीक, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर.

तरीही १९५४ पासून तिथं युनायटेड मिशन टू नेपाळ ही अनेक चर्चेसची मिळून झालेली संस्था काम करते. सरकारशी करार करतानाच ठरलं होतं : दवाखाने चालवा, शाळा चालवा, धर्मप्रचार करू नका. तानसेनचं इस्पितळ त्यातूनच उभं राहिलं. गेल्या महिन्यात फेरीला आलेल्या एक नर्सबाई तिथं दोन वर्षं काम करून आल्या होत्या. मी विचारलं, रुग्णांनी धर्माबद्दल विचारलं तर काय सांगायचात? त्या म्हणाल्या, “विचारायचे ना. मी म्हणायचे, आधी गोळी घे, मग बोलू.”